इको कुणाचा करायचा?

माझ्या जुन्या पेशंटांची हल्ली माझ्याबद्दल एक तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पन्नाशी उलटली की वर्षातून एकदा टू-डी इको करून घ्या, म्हणून एके काळी मीच त्यांच्या मागे लागत असे. आता कुणी धडधाकट माणूस इकोची चिठ्ठी मागायला आला, की मी त्यालाच विचारतो, "कशासाठी?" उलट आश्रमशाळेतल्या ज्या पोरांच्या छातीला नळी लावून मी मिनिटभरात "ठणठणीत आहेस, पळ" म्हणायचो, त्यांच्या इकोसाठी आता सरकारी कचेऱ्यांत खेटे घालतो. "शहाणपण सुचलंय की म्हातारचळ लागलाय?" असं एका डॉक्टर मित्रानं विचारलं. तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण मत एकाच वेळी दोन्ही टोकांना फिरलं असेल, तर त्याचा हिशेब मांडायला हवा.

मी अकोले तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. पश्चिमेकडे राजूर, भंडारदरा, कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्या-पाडे. पूर्वेकडे प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस. दवाखान्यातल्या एकाच बाकावर दोन्हीकडची माणसं शेजारी शेजारी बसतात. खालच्या अंगाची माणसं सोसायटीत, बँकेत, शाळेत नोकरीला असतात किंवा बागाईतदार असतात. त्यांच्या हातात चार पैसे असतात आणि मनात हार्टॲटॅकची धास्ती. वरच्या अंगाची माणसं परतीच्या एसटीचं भाडं वेगळं बांधून आणतात. माझं धोरण सरळ होतं. ज्याला परवडतं त्यानं संगमनेरला किंवा नाशिकला जाऊन यंत्रावर तपासून घ्यावं. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी माझे कान आहेत. यात मला काही अन्यायही वाटत नव्हता. एकाला मनाची शांती मिळत होती, दुसऱ्याला पुरेसा चांगला डॉक्टर.

कानांवरच्या या भरवशाला पाया होता. आम्हाला वॉर्डात शिकवणाऱ्या सरांनी माइट्रल झडपेच्या आकुंचनाचा आवाज ऐकवण्यासाठी पाय दुखेपर्यंत उभं केलं होतं. रोग्याला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून थांबायला सांगायचं, स्टेथोस्कोपची बेल दाबायची नाही, नुसती टेकवायची. आणि दुसऱ्या ठोक्यानंतर येणारी ती खालच्या पट्टीतली गुरगुर पकडायची. ती गुरगुर पहिल्यांदा ऐकू आली त्या दिवशी आम्ही स्वतःला डॉक्टर समजू लागलो. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून एका तरुण बाईच्या छातीला लावली, तिथून चालत आलेली ही विद्या. ती हातात असताना, मुलांच्या तपासणीला यंत्र हवं असं म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात आळशी म्हणत असे.

पहिलं मत बदललं ते पैसेवाल्या बाजूचं, आणि ते बदलणं सोपं गेलं.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. जेल लावून छातीवर टेकवलेल्या प्रोबमधून सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज आत जातो. शरीराच्या मऊ भागातून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं धावतो आणि प्रत्येक पडद्यावर, प्रत्येक झडपेवर थोडा थोडा परततो. परतायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतं आणि धडधडणारं हृदय पडद्यावर उभं करतं. डॉप्लरची जोड दिली की रक्त कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं वाहतंय तेही कळतं; प्रोबकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, दुखत नाही. चार कप्पे, चार झडपा, भिंतींची जाडी, हृदयाभोवती साठलेलं पाणी, आणि सगळ्यांचा आवडता आकडा, म्हणजे 'पंपिंग', हे सारं त्यात दिसतं.

या पंपिंगवर आमच्या भागात बरंच बोललं जातं. भरलेल्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तम. शंभर कुणाचंच नसतं. तरीही "साठ टक्के म्हणजे चाळीस टक्के हार्ट गेलं का हो डॉक्टरसाहेब?" असं घाबऱ्या आवाजात विचारणारे भेटतात. आणि त्याहून अवघड म्हणजे "पंपिंग साठ आहे, आता काळजी नाही" असं म्हणून तंबाखूची पुडी पुन्हा खिशात ठेवणारे भेटतात.

ज्या धास्तीनं माणूस इको करायला जातो, ती धास्ती ब्लॉकेजची असते. आणि नेहमीच्या, आडवं झोपून केलेल्या इकोमध्ये ब्लॉकेज दिसत नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. त्यांच्या आत साठलेली चरबी या तपासणीच्या आवाक्यातच नाही. ॲटॅक येऊन गेलेला असेल, तर भिंतीचा तेवढा भाग नीट हलत नाही, हे इको दाखवतो. पण विहिरीवरची मोटर आज भरभरून पाणी उपसतेय, यावरून तिच्याकडे येणारी केबल आतून किती जळालीय हे सांगता येत नाही, तसंच हे आहे. धमनी सत्तर टक्के बंद असलेल्या माणसाचं पंपिंग बसल्या जागी साठ टक्के येऊ शकतं. चढ चढताना छातीत दाब येतो, थांबलं की बरं वाटतं, अशी तक्रार असलेला एक गृहस्थ "इको नॉर्मल आहे ना" म्हणून कितीतरी दिवस ती अंगावर काढत राहिला होता. शेवटी अँजिओग्राफीत दोन धमन्यांत अडथळे निघाले. त्याला खोटं कुणी सांगितलं नव्हतं. रिपोर्टमधला शब्द न् शब्द बरोबर होता. त्याला हवं असलेलं उत्तर त्या रिपोर्टमध्ये मावणारच नव्हतं.

मग माझ्या वाचनात नॉर्वेतल्या ट्रोम्सोचा अभ्यास आला. उत्तर ध्रुववृत्ताच्या वरचं हे गाव. तिथल्या ६८६१ मध्यमवयीन लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाचा इको केला, दुसऱ्याचा नाही. ज्यांच्यात काही सापडलं त्यांचा पाठपुरावा आणि उपचारही झाले. १५ वर्षांनी मोजदाद केली. इको झालेल्यांतले २६.९ टक्के लोक वारले होते. न झालेल्यांतले २७.६ टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत, फरक नाही. हार्टॲटॅक आणि पक्षाघाताच्या प्रमाणातही फरक नाही. २०१३ साली हे निष्कर्ष छापून आले. माझ्या दरवर्षीच्या आग्रहाला यातून पाठबळ मिळेल म्हणून मी ते वाचायला घेतले होते.

पण आकड्यांपेक्षा मला ढवळून काढलं ते निरोगी माणसांच्या रिपोर्टमधल्या किरकोळ ओळींनी. 'ट्रिव्हियल टीआर' म्हणजे उजव्या बाजूच्या झडपेतून कणभर रक्त मागे येणं. हे बहुतेक निरोगी माणसांत असतं. यंत्र जितकं चांगलं तितकं जास्त दिसतं. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' म्हणजे स्नायू जरा सावकाश सैल पडणं. साठीनंतर ते सर्रास आढळतं. लिहिणाऱ्यानं दिसलं ते लिहिलं. वाचणाऱ्यानं 'डिसफंक्शन' वाचलं. आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी रोज पहाटे अगस्ती आश्रमापर्यंत चालत जायचे. मुलानं साठीशांतीची भेट म्हणून हेल्थ चेकअपचं पॅकेज दिलं, रिपोर्टमध्ये ही ओळ आली, आणि गुरुजींनी चालणं बंद केलं. "गुरुजी, या ओळीवर औषध एकच, चालणं," हे त्यांना पटवायला मला पुष्कळ बैठका घालाव्या लागल्या. तोवर वजन वाढलं, साखर वाढली. म्हणजे ज्या हृदयाला काही झालं नव्हतं, त्याला काही होण्याची तजवीज तपासणीनंच केली. अमेरिकेतल्या इकोतज्ज्ञांच्या संघटनेनंच २०१३ साली जाहीर सल्ला दिला आहे, की पहिल्या इकोत झडपेची नाममात्र गळती दिसली, तर तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा इको करत राहू नका. यंत्र चालवणारेच हात आखडता घ्या म्हणतात, तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्यानं ऐकलं पाहिजे.

एवढं वाचून कुणी गरजेचा इको टाळला तर तो माझ्या माथी येईल, म्हणून स्पष्ट सांगतो. दम लागतोय, पायांवर सूज आहे, चक्कर येऊन पडलात, डॉक्टरांना हृदयात जादा आवाज ऐकू आला, ॲटॅक येऊन गेलाय, हृदयावर परिणाम करणारी कॅन्सरची औषधं सुरू होणार आहेत, घरात कुणाला हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार आहे, गरोदरपणात बसल्याजागी धाप लागतेय, अशा वेळी इकोला पर्याय नाही आणि उशीरही नको. माझा आक्षेप आहे तो काहीही होत नसताना, वाढदिवसाच्या भेटीदाखल होणाऱ्या इकोला. त्या पैशात रक्तदाब नियमित मोजून घ्या, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, तंबाखू सोडा. हार्टॲटॅकची वाट तिकडून येते.

दुसऱ्या बाजूचं मत मात्र सहज हललं नाही, कारण तिथं माझी विद्याच पणाला लागली होती.

इकोचा जन्मच मुळी माइट्रल झडपेसाठी झाला. स्वीडनमधल्या लुंड इथं इंगे एडलर नावाचे हृदयतज्ज्ञ होते. आकुंचित झडप शस्त्रक्रियेनं मोकळी करण्याची सोय नुकतीच झाली होती. पण झडप अरुंद आहे की गळकी, हे ऑपरेशनआधी खात्रीनं सांगायचं कसं, हा त्यांचा पेच होता. कार्ल हेल्मुट हर्ट्झ या पदार्थवैज्ञानिकाबरोबर त्यांनी धातूमधल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र मिळवलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख काढला. ज्या झडपेसाठी हे सारं झालं, ती झडप खराब करणारा सगळ्यात मोठा आजार युरोपातून पुढे जवळपास गेला. आपल्याकडे तो राहिला. त्याचं नाव ऱ्हुमॅटिक हृदयरोग.

तो येतो घशातून. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूनं बसतो. हळद-दूध, गुळण्या, चार दिवसांत बरं. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो; आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा मनगट. जंतूविरुद्ध तयार झालेलं शरीराचं सैन्य स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर चाल करून जातं. सांधे पूर्ववत होतात. झडप होत नाही. पुन्हा घसा बसला की पुन्हा चाल. अशा प्रत्येक फेरीनं झडपेची पानं जाड होतात, कडांना चिकटतात. मुलगी मोठी होते, लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी जलद होते, अरुंद झडपेतून तेवढं रक्त पुढे सरकत नाही आणि फुप्फुसात पाणी भरायला लागतं. सहाव्या-सातव्या महिन्यात रात्री उशाला दोन-दोन गोधड्या लावूनही जिला झोपता येत नाही, अशी बाई सासरची माणसं जीपमध्ये घालून आणतात. "आधी काही त्रास होता का?" या प्रश्नाला माहेरचं माणूस म्हणतं, "नाय डॉक्टर, लहानपणी एकदा सांधे धरले होते तेवढेच." पुष्कळदा तर तेवढंही कुणाला आठवत नाही.

हा आजार दुर्मीळ म्हणावा असाही नाही. २०१५ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात ३ कोटी ३४ लाख लोकांना तो होता आणि त्या एका वर्षात ३ लाखांहून जास्त माणसं त्यानं मेली. त्यात भारताचा वाटा मोठा आहे.

हे सगळं मी जाणत होतो. फक्त माझा समज असा, की शाळेतल्या तपासणीत कान लावला तर झडपेचा बिघाड सापडतोच. २००७ साली कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळांचा अभ्यास छापून आला आणि या समजाला तडा गेला. पाच हजारांहून जास्त मुलं आधी डॉक्टरांनी स्टेथोस्कोपनं तपासली, मग त्यांचा इको केला. कानांना दोन्ही देशांत हजारामागे दोनाच्या आसपास मुलं सापडली. इकोला कंबोडियात हजारामागे २१.५ आणि मोझांबिकमध्ये ३०.४. दहापट फरक. मी मनाशी म्हटलं, तिथल्या डॉक्टरांचे कान कच्चे असतील. मग २०११ साली आपल्याच देशातला अभ्यास आला. दिल्लीच्या एम्सच्या डॉ. अनिता सक्सेना आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढ भागात ६२७० शाळकरी मुलं तपासली होती. कानांना हजारामागे ०.८, इकोला २०.४. एम्सच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या कानांना कच्चं म्हणायची माझी छाती नव्हती.

यात कानांचा दोष नाही, भौतिकशास्त्र आहे. झडपेची गळती आवाज करते ती रक्ताचा झोत पुरेसा खळबळला तर. सुरुवातीची गळती तेवढी खळबळत नाही. ती मुकी असते. त्यात मुलाची नाडी जलद, वर्गात गोंधळ, शेजारी दुसरं पोरगं खिदळतंय. इकोत मात्र मागे येणाऱ्या रक्ताची रंगीत जीभ दिसते. ती किमान दोन बाजूंनी दिसली, निदान २ सेंटिमीटर लांब भरली, तिचा वेग सेकंदाला ३ मीटर किंवा त्याहून जास्त निघाला आणि ती ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकली, तरच तिला आजारी गळती म्हणायचं. झडपेचं पुढचं पान ३ मिलिमीटर किंवा अधिक जाड झालंय का, तेही पाहायचं. वर्ल्ड हार्ट फेडरेशननं २०१२ साली असे नियम घालून दिले आणि २०२३ साली ते सुधारले. म्हणजे दिसली गळती की लावला शिक्का, असा तो कारभार नाही. गुरुजींच्या रिपोर्टमधल्या कणभर गळतीला आणि या गळतीला एकाच तराजूत घालायचं नाही, याची काळजी आधीच घेतलेली आहे.

तरीही मी अडून होतो. माझा मुद्दा वेगळा होता आणि तो आजही मला फालतू वाटत नाही. शोधून करायचं काय? आजार पूर्ण जडलेल्याला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे घशाचा जंतू पुन्हा हल्ला करत नाही, हे जुनं शास्त्र. पण ज्याला कसलाही त्रास नाही, ज्याच्या छातीत आवाज नाही, ज्याची झडप फक्त पडद्यावर थोडी जाड दिसते, त्याचा तो डाग तसाच राहील की वाढेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाड्यावरच्या बापाला "पोराच्या हृदयात काहीतरी आहे" एवढंच सांगून धाडायचं, त्यानं शेळी विकून नाशिकच्या वाऱ्या करायच्या, आणि हाती काय? गुरुजींच्या घरी झालं ते इथं दहापट भीषण झालं असतं. पैसेवाल्याला नको असलेली धास्ती गरिबाच्या दारात नेऊन टाकायला माझा विरोध होता.

या प्रश्नाचं उत्तर उत्तर युगांडातल्या गुलू भागातून आलं. तिथं एक लाखाहून जास्त मुलांची इकोनं तपासणी झाली आणि छुपा आजार सापडलेली ८१८ मुलं अभ्यासात आली. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निम्म्यांना काही नाही. दोन वर्षांनी पुन्हा इको. इंजेक्शन न मिळालेल्यांतल्या ८.२ टक्के मुलांचा आजार पुढे सरकला होता. मिळालेल्यांतल्या ०.८ टक्के, म्हणजे ३९९ पैकी फक्त तिघांचा. २०२१ च्या अखेरीस हा निकाल प्रसिद्ध झाला. तो वाचून मी कागद खाली ठेवला आणि दुसऱ्यांदा, खोट काढायच्या हेतूनं वाचला. माझा आक्षेप उपायाच्या अभावावर उभा होता. उपाय आहे असं कुणी नीट दाखवून दिलं, तर आक्षेपाला जागा उरत नव्हती.

खोट नाही, पण मर्यादा आहेत, आणि त्या लपवणं मला जमणार नाही. इंजेक्शन न घेतलेल्यांतही नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचा आजार त्या दोन वर्षांत वाढला नाही. कित्येकांचा आपोआप निवळला. हिशेब असा बसतो, की तेरा मुलांना दोन वर्षं दर महिन्याला सुई टोचावी, तेव्हा एकाचा आजार पुढे सरकणं टळतं. ती सुई दुखते. दाट औषध, जाड सुई, कुल्ल्यात. क्वचित कुणाला पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी येते, म्हणून आपल्याकडे कित्येक डॉक्टर ते इंजेक्शन द्यायलाच कचरतात. औषध इतकं स्वस्त की बनवणाऱ्यांना त्यात रस नाही, त्यामुळे बाजारात त्याची टंचाई होते. आणि दोन वर्षांनंतर काय, याचं उत्तर यायचं आहे. पण तेरातल्या त्या एका मुलीची गोष्ट सातव्या महिन्यातल्या जीपपर्यंत जाऊन मी पाहिलेली आहे. तेराजणींना सुई टोचायचा सौदा मला महाग वाटत नाही.

आता अडचण खिशापलीकडची आहे. फोनला जोडून चालणारे, हातात मावणारे इकोचे प्रोब आले. फिजी आणि युगांडामध्ये परिचारिकांना काही आठवड्यांचं शिक्षण देऊन पहिली चाळणी त्यांच्याकडून करून घेता येते, हे दाखवून झालं. संशय आला तेवढी मुलं तज्ज्ञाकडे. आपल्याकडे ते थेट उचलता येत नाही. अल्ट्रासाउंडचं यंत्र पिशवीत घालून गावोगाव फिरणं गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली बंद आहे, आणि बंद आहे ते योग्यच आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत राज्यात हजार मुलग्यांमागे ९१३ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ वर आल्या. छातीवर टेकवायचा प्रोब पोटावर टेकवायला हात फक्त एक वीत खाली न्यावा लागतो. ज्या राज्यानं हे पाहिलंय, त्यानं पिशवीतल्या यंत्राकडे संशयानं पाहिलं तर मी तक्रार करणार नाही. मुली वाचवायला केलेल्या कायद्याला वळसा घालून मुलींची हृदयं वाचवायची, हे मला मंजूर नाही.

पण त्याच नियमांत एक दारही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या, रीतसर नोंदणी झालेल्या फिरत्या वैद्यकीय पथकाला असं यंत्र वापरायला मुभा दिली आहे. दुसरीकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचं नाव पहिल्यापासून आहे आणि त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात. पथकातले डॉक्टर शोधतात ते कानानं. कानाला हजारातलं एखादं मूल सापडतं, हे आपण वर पाहिलं. म्हणून माझे खेटे एवढ्यासाठीच आहेत: नोंदणी झालेलं फिरतं पथक, त्यात नोंदणी झालेलं एक यंत्र, ते चालवायला शिकवलेलं माणूस, कोणत्या दिवशी कोणत्या शाळेत किती मुलं तपासली याची उघडी वही, आणि सापडलेल्या मुलासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला न चुकता मिळणारं इंजेक्शन. यातलं शेवटचं नसेल तर पहिली चार करू नयेत, हेही मी त्याच अर्जात लिहितो. इंजेक्शनाविना तपासणी म्हणजे पुन्हा नुसती धास्ती वाटणं.

स्टेथोस्कोप मी टाकलेला नाही. दम लागलेल्या बाईच्या छातीवर आजही तोच आधी टेकतो, आणि ती गुरगुर आजही लागते. फक्त ती लागते तेव्हा झडप खूप पुढे गेलेली असते, हे आता मला ठाऊक आहे. आवाज ऐकू येणं ही माझ्यासाठी आजाराची सुरुवात होती; आता मी त्याला आजाराचा मध्य समजतो. नव्या डॉक्टरांना कान शिकवतानाही मी हे सांगतो: आवाज ऐकू आला तर विश्वास ठेवा, मुलाच्या बाबतीत तो ऐकू आला नाही, तर त्यावर मात्र फार विसंबू नका.

मित्राला आता नीट उत्तर देता येईल. यंत्र तेच, आवाज तोच, पडदाही तोच. प्रश्न एवढाच विचारायचा, की जे दिसेल त्यानं पुढचं काही बदलणार आहे का? साठीच्या तंदुरुस्त माणसाच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं येतं, आणि ते ट्रोम्सोत १५ वर्षं थांबून तपासलं गेलंय. बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते 'हो' असं येतं, आणि ते गुलूत तपासलं गेलंय. खिशातल्या पैशाला या प्रश्नात जागाच नाही. मीच ती दिली होती, ती काढून घेतली. उद्या त्या मुलांच्या पुढच्या तपासण्यांमधून इंजेक्शनाचा फायदा टिकत नाही असं दिसलं, तर हेही मत मी बदलीन आणि तेही असंच सांगीन. तोवर तालुक्यात येणाऱ्या इकोच्या यंत्रासमोर आधी आश्रमशाळेतली पोरं, मग दम लागणाऱ्या गरोदर बाया, मग माझे सगळे खरे हृदयरोगी. पॅकेजवाल्या मंडळींनी रांगेत शेवटी उभं राहावं, आणि तोवर कंटाळा आला तर एक फेरी चालून यावी. त्यांची तक्रार ऐकायला मी दवाखान्यात आहेच.